सूट

मार्च संपायला चार दिवस.
नगरपालिकेच्या मागच्या बोळात सुपडू हलगी शेकतोय
गेल्या सालच्या नोटिसा जाळून.
कातडं ताणलं, बोटानं टिचकी मारली:
"चाला भाऊसाहेब, तयार से."

पारोळ्यात मला वसुली म्हणतात.
वासुदेव शिंपी हे नाव पगारपत्रकापुरतं.
गल्लीत शिरलो की पोरं ओरडतात,
"वसुली उनी, वसुली उनी,"
आणि कड्या आतून लागतात.

रऊफ मन्यारच्या दुकानाचा पत्रा तीन फूट पुढे.
टेप लावला. वाढीव बांधकाम.
पत्र्याखाली बांगड्यांचं एक खोकं होतं
आणि बाकीची नुसती सावली;
ती पण चौरस फुटात धरली.
रऊफनं टेपचं दुसरं टोक स्वतःच धरून दिलं,
वारं होतं म्हणून.

द्वारकाबाई भोईण फुटाणे भाजते.
थकबाकी दोन हजार तीनशे सोळा,
शास्ती महिन्याला दोन टक्के, वेगळी.
सुपडूनं दारापुढे वाजवायला घेतलं.
तिनं भट्टीतली वाळू ढवळणं काही थांबवलं नाही.
मग कनवटीचे पैसे मोजले, नोटा गरम होत्या,
आणि पावती उलटीसुलटी बघत म्हणाली,
"भाऊ, हाई हलगी
त्या कंपनीना दारपुढे कवय वाजी?"

मी शिक्का मारला. शाई कमी होती, पुन्हा मारला.

ती फाईल जानेवारीत वरून आली.
हायवेलगतचे साठ एकर, भाडं वर्षाला एक रुपया.
मुद्रांक माफ. वीजशुल्क माफ.
घरपट्टी दहा वर्षं निरंक.
वर लाल पट्टीत एक शब्द: प्रोत्साहन.
माझ्या रजिस्टरात रकाने आहेत
मागणी, वसूल, थकबाकी, शास्ती.
प्रोत्साहनाचा रकाना
बारा वर्षांत कधी आखावा लागला नव्हता.
मी तो शब्द समासात लिहिला. पेन्सिलीनं.

खोटं कशाला बोलू,
भूमिपूजनाचा पेढा मीही खाल्ला.
भाचा लोटन तिथंच लागलाय, गेटवर, ठेकेदाराकडून.
बहिणीनं त्याच्या पहिल्या पगाराला
शेवभाजीचा डबा पाठवला होता,
तो मी पुसून खाल्ला.

मुख्याधिकारी समजावतात,
"शिंपी, सूट दिली नाही तर कंपनी जाईल गुजरातेत."
जाईलही. नवापूर ओलांडलं की झालं.
पण द्वारकाबाईची भट्टी कुठं जाणार?
रऊफचा पत्रा कोणत्या राज्याला धमकी देणार?
ज्याला निघून जाता येतं त्याची मनधरणी,
जो जागचा हलत नाही त्याची मोजणी.
हे मी साहेबांना बोललो नाही.
"हो साहेब" बोललो,
आणि थकबाकीदारांची यादी पंख्याखालून उचलली.

एकतीस तारखेला संध्याकाळी
सुपडू म्हणाला, "एक दार ऱ्हायनं."
मोटारसायकल त्यानंच हायवेला घातली.
मी नको म्हटलं नाही, एवढीच माझी बहादुरी.

गेटवर लोटन. टोपी त्याला मोठी होते.
"मामा, तुम्ही?"
मागे शेड होती, तिचं दुसरं टोक दिसत नव्हतं.
माझा टेप पंधरा मीटरचा.
सुपडूनं हलगी खांद्यावरून पुढे घेतली, 
शेकायला आता कागद उरला नव्हता;
एक थाप मारली, ढब्ब, ओल्या पोत्यासारखी.
कुत्रंही भुंकलं नाही.
"मालक इथं नसतात मामा," लोटन हळूच म्हणाला,
"ते कधी आलेच नाहीत."

मग त्यानं नोंदवही पुढे केली, नियम आहे म्हणून.
नाव लिहिलं. गाडी नंबर लिहिला.
'भेटीचे कारण' पुढे मी लिहिलं: मोजणी.

लोटननं बराच वेळ त्याकडे पाहिलं.
शाळेत त्याला मीच खोडरबर घेऊन द्यायचो.
पेनाची रेघ त्यानं सरळ मारली,
आणि वर बारीक, वळणदार अक्षरात लिहिलं:
सदिच्छा भेट.